हॅना फर्निसचा दिवा

बर्नार्ड गेल्याला चौदा महिने झाले, तरी त्याची भाषणं संपली नव्हती.

डर्बीशरच्या त्या डोंगरी मुलखात गावोगावी मंडळं आहेत. कुठे बायकांचं, कुठे निवृत्त माणसांचं, कुठे नुसतंच इतिहासाचं. महिन्यातून एकदा दुपारी गावच्या सभागृहात जमायचं, कुणा पाहुण्याचं तासभर ऐकायचं, मग चहा, केक आणि सोडत. वक्ते दोन-दोन वर्षं आधी ठरतात आणि जानेवारीत वर्षभराच्या कार्यक्रमाचं कार्ड छापून घरोघरी जातं. ते कार्ड स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलं जातं. एकदा तिथे गेलं की त्यात बदल करायची कुणाची प्राज्ञा नसते.

बर्नार्ड गार्साइड गेला तेव्हा त्याच्या डायरीत सतरा भाषणं लिहिलेली होती. अंत्यविधी झाल्यावर आठवड्याभरात एकेका मंडळाच्या चिटणीसबाईचा फोन यायला लागला. आधी हळहळ, मग खाकरून, "नाही, म्हणजे घाई काहीच नाही. कार्ड तेवढं छापून झालंय हो."

"मी येते," एनिड म्हणायची.

नाही म्हटलं असतं तर पुढे दोन वाक्यं बोलावी लागली असती. 'येते' म्हणायला काहीच लागलं नाही.

भाषण तिला येत होतंच. बावीस वर्षं ती स्लाइडच्या यंत्राशी बसली होती. बर्नार्डने चष्मा काढला की बटण दाबायचं आणि चष्मा डोळ्यांवर गेला की थांबायचं, एवढंच तिचं काम. 'मिठाची वाट' हे त्याचं सगळ्यात चाललेलं भाषण. चेशरच्या खाणींतलं मीठ तट्टांच्या पाठीवर लादून डोंगर ओलांडून शेफील्डकडे कसं जायचं, त्या वाटा, ते दगडी पूल, तांड्यापुढच्या घोड्याच्या गळ्यातल्या घंटा, तट्टं हाकणारे ते जॅगर लोक. कुठे तो खोकायचा, कुठे पाणी प्यायचा, कुठल्या विनोदाला आधी स्वतःच हसायचा, सगळं तिला पाठ होतं. ती ते जसंच्या तसं म्हणायची. विनोदाशी आली की थांबायची, लोक हसायचे, हसू ओसरलं की पुढे बोलायची.

तिला त्यात सुखही नव्हतं आणि दुःखही नव्हतं. रोज सकाळी न्याहारीच्या आधी एक स्तोत्र वाचायचं, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. चौदा महिन्यांत तो एकदाही चुकला नाही. पूर्वी स्तोत्र वाचून झालं की मनात काहीतरी उरायचं, ते भांडी घासताना, बाजारात जाताना सोबत यायचं. आता पुस्तक मिटलं की मिटलं. देवाशी भांडण नव्हतं. भांडायला बसायचं तरी आत कुणी जागं असावं लागतं. ती वाचायची, 'आमेन' म्हणायची आणि टोस्ट भाजायला टाकायची.

अशी सहा भाषणं झाली. सातवं एल्डरफोर्डच्या इतिहास मंडळात होतं, मे महिन्यातल्या एका बुधवारी, दुपारी दोन वाजता.

एल्डरफोर्डला जाताना एनिडला थोडं जड वाटलं असेल तर ते हॅनामुळे. हॅना फर्निस ही भाषणाच्या मधोमध यायची. एल्डरफोर्डच्या पुलाजवळ तिची झोपडी. नवरा जॅगर. एका जानेवारीत तांडा घेऊन तो डोंगरावर गेला, बर्फ पडलं आणि तो परत आला नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात, दिवस मावळला की हॅना पुलाच्या कठड्यावर कंदील टांगायची. एकतीस हिवाळे. तेवढ्या वर्षांत त्या पुलावरून जाणारा एकही माणूस वाट चुकला नाही. इथे बर्नार्ड चष्मा काढून रुमालाने पुसायचा आणि एनिड पुलाचं संध्याकाळचं चित्र पडद्यावर आणायची. खोलीत नाकं शिंकरल्याचे आवाज यायचे.

हॅना फर्निस कधी नव्हतीच.

भाषणाच्या मधल्या भागात टोलाचे दर यायचे आणि लोकांना पेंग यायची. एकोणीस वर्षांपूर्वी अशाच एका भाषणाला जाताना, पावसात, बर्नार्ड एकदम म्हणाला होता, "इथे एक बाई हवी." त्या दुपारी त्याने ती उभी केली. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने पर्स उघडून रुमाल काढला. परतताना एनिड म्हणाली, "ती कोण रे?"

"कोणी नाही."

"मग असं सांगू नये, बर्नार्ड."

"अगं, अशी कुणीतरी असणारच की. नाव ठाऊक नाही म्हणून ती नव्हती असं थोडंच?"

पुढे हॅना वाढत गेली. तिला निळी शाल मिळाली. बेकवेलच्या भाषणात एक लंगडं कुत्रं आलं आणि ते कायमचं राहिलं. एनिडने आणखी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. तो इतका सच्चा माणूस होता, की दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर दोन मैल परत जायचा. एवढं एक खोटं त्याच्या खात्यावर असलं तर असू दे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. तो गेल्यावरच्या सहा भाषणांत तिनेही हॅना सांगितली, शालीसकट, कुत्र्यासकट. जसं पाठ होतं तसं.

सभागृहाच्या दारात मॅविस हेथकोट उभी होती. मंडळाची चिटणीस, टापटिपीची, गळ्यात चष्म्याची साखळी.

"आलात! वाट सापडली ना? चला, ते जड मशीन द्या इकडे. विल्फ! अहो विल्फ, बाईंच्या हातातलं घ्या की, बघत काय उभे राहिलात?"

विल्फ शिमवेल म्हणजे सत्तरी ओलांडलेला, रुंद पंजांचा माणूस. जन्म दगडाच्या खाणीत गेलेला. त्याने यंत्र उचललं आणि आत नेऊन टेबलावर ठेवलं.

"आणि आता तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे," मॅविस म्हणाली. तिने एनिडला कोपरापाशी धरून खिडकीकडे नेलं आणि फोनवरचा फोटो पुढे केला. "आज शेवटी जाहीर करणार होते, पण मला दम निघत नाही बाई. आमच्या विल्फने केलाय. पाच आठवडे खपत होता."

फोटोत करड्या वाळूच्या दगडाची एक शिळा होती. अक्षरं इतकी सरळ आणि खोल, की सावल्याच अक्षरांसारख्या दिसत होत्या. 'हॅना फर्निस इथे राहत होती. एकतीस हिवाळे तिने या पुलावर दिवा लावला.' आणि खाली, थोड्या लहान अक्षरांत, 'ही हकिकत उजेडात आणणारे इतिहासकार बर्नार्ड गार्साइड यांच्या स्मरणार्थ.'

"शनिवारी पुलापाशी बसवतोय," मॅविस सांगत होती. "वर्तमानपत्रवाला येणार आहे. चर्चच्या धर्मगुरूबाई येऊन शिळेवर प्रार्थना म्हणणार आहेत, हॅनासाठी आणि तुमच्या मिस्टरांसाठी एकत्रच. कापड तुम्हीच ओढायचं. काय? आवडलं ना?"

एनिडने फोटोकडे पाहिलं. बर्नार्डचं नाव दगडात फार चांगलं दिसत होतं. तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटेल. तिने वाट पाहिली. खिडकीच्या तावदानावर एक माशी चालत होती, वर जात होती, घसरत होती.

"प्रार्थना?" ती म्हणाली.

"हो तर. नुसतं कापड ओढून टाळ्या काय वाजवायच्या?"

देवापुढे उभं राहून एका नसलेल्या बाईच्या आत्म्याला शांती मागायची. एनिडच्या मनात हे वाक्य आलं आणि दुसऱ्याच कुणाचं असावं तसं बाजूला जाऊन उभं राहिलं. तिने मान हलवली. मॅविसने ती मान होकाराची धरली आणि खुर्च्या मोजायला निघून गेली.

अठ्ठेचाळीस माणसं आली होती. मागच्या रांगेत दोन बायका लोकर विणत होत्या. मॅविसने सूचना वाचल्या, जुलैच्या सहलीच्या बसचं सांगितलं, सोडतीची तिकिटं अजून मिळतील हे दोनदा सांगितलं आणि म्हणाली, "आज आपल्याकडे मिसेस गार्साइड आहेत. त्यांची ओळख करून द्यायला नको आणि हॅनाची तर नकोच नको."

लोक प्रेमाने हसले.

एनिड बोलायला लागली. चेशर, मीठ, तट्टं. पुलांचे कठडे इतके ठेंगणे का, तर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोण्या अडकू नयेत म्हणून. तिचा आवाज मऊ होता, पण ठरल्या ठिकाणी चढत होता, ठरल्या ठिकाणी उतरत होता. विनोदाला लोक हसले. टोलाचे दर आले. विणणाऱ्या सुयांचा आवाज मंदावला. मग तिने बटण दाबलं आणि पडद्यावर एल्डरफोर्डचा पूल आला.

खोलीतली माणसं एकदम सावरून बसली. खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगेतल्या नोरा बॅगशॉने रुमाल आधीच मांडीवर काढून ठेवला होता.

एनिडने तोंड उघडलं. 'या पुलाच्या डाव्या हाताला एक झोपडी होती' हे वाक्य तयार होतं. ते बाहेर आलं नाही. तिने काही ठरवलं नव्हतं. सकाळी पायरी उतरताना पाय आपोआप उचलला जातो, तो एखाद्या दिवशी उचलला गेला नाही, इतकंच. ती पुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा पूल तुमचाच आहे. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक." आणि बटण दाबलं.

पुढचं चित्र कालव्याचं होतं. ती कालव्यांवर बोलू लागली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण त्यांना वाटलं, बाईंनी हॅना शेवटासाठी राखून ठेवली असेल, आज विशेष आहे ना. शेवट आला. रेल्वे आली, तांडे बंद पडले, वाटांवर गवत उगवलं. "धन्यवाद," एनिड म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्या पडल्या. तिला वाटलं, झालं. सांगितलं नाही म्हणजे खोटं बोलले नाही. शनिवारी तब्येत बरी नाही म्हणून कळवावं. यापुढच्या दहा ठिकाणीही पुलावर थांबायचं नाही.

पण मंडळांत आभार मानायची पद्धत असते आणि ते काम पाळीने येतं. मे महिन्याची पाळी नोरा बॅगशॉची होती. नोरा लाजाळू बाई, चार माणसांत बोलायचं म्हटलं की मानेवर लाल चट्टे यायचे. म्हणून तिने आभार आदल्या दिवशीच लिहून काढले होते. ती उठली, कागद उलगडला आणि मान वर न करता वाचू लागली.

"अध्यक्ष महोदया आणि मित्रमंडळी. मिसेस गार्साइड यांनी आज हॅना फर्निसची गोष्ट सांगितली, तेव्हा आपल्या सगळ्यांचेच डोळे पाणावले. ही गोष्ट मी आज चौथ्यांदा ऐकली, पण ती निळी शाल आणि ते मुकं जनावर..."

मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं.

"नोरा," शेजारीण तिच्या स्कर्टला झटके देत कुजबुजली, "अगं, आज हॅना झालीच नाही!"

नोरा वाचता वाचता अडखळली. "ते मुकं जनावर आपल्या... झाली नाही?"

"कालवे झाले."

"मला वाटलं, मीच झोपले मधे," नोरा म्हणाली आणि खोली हसण्याने फुटली. नोराची मान लालभडक झाली. तिने कागद खाली केला आणि एनिडकडे पाहिलं, शाळेत उत्तर चुकलेल्या पोरीसारखं. "माफ करा हं बाई. मी काल लिहिलं होतं. तीनदा लिहिलं."

"मग आता सांगाच की!" एक गृहस्थ मागून ओरडले. "नोराचे आभार फुकट नकोत जायला!"

"हो, हो, हॅना होऊन जाऊ दे!"

लोक टाळ्या वाजवू लागले. मॅविस हसत हसत हाताने उठा उठा करत होती. एनिड उठली. नोरा अजून उभी होती, कागद छातीशी धरून. सोपं होतं. चार मिनिटांची गोष्ट, पाठ होती. नोराची फजिती झाकली गेली असती, शनिवारी कापड ओढलं गेलं असतं, बर्नार्डचं नाव पुलापाशी दोनशे वर्षं राहिलं असतं. बर्नार्डचं असं कुठेच काही राहिलं नव्हतं. पुस्तक त्याने लिहिलं नाही, मूल झालं नाही.

"मला सांगता येणार नाही," एनिड म्हणाली. "हॅना फर्निस नव्हती."

"आं?" कुणीतरी म्हणालं.

"अशी बाई नव्हती. बर्नार्डने ती गाडीत बसून रचली. त्या दिवशी आम्ही बक्सटनला भाषणाला चाललो होतो. लोकांना टोलाच्या दरांत झोप येते म्हणून."

टाळ्या वाजवता वाजवता थांबलेले हात तसेच राहिले होते. मागे एका सुईवरून टाका घसरला असावा, विणणारी बाई हळूच च्-च् म्हणाली.

"म्हणजे कागदपत्रं..." मॅविस म्हणाली.

"नाहीत."

"चर्चच्या नोंदवहीत?"

"नाही."

"आणि कुत्रं?" नोराने विचारलं.

"कुत्रंसुद्धा."

नोरा खाली बसली. एनिडला वाटत होतं, आता लाज वाटेल. वाटली नाही. आपण टोलाचे दर सांगतो त्याच आवाजात नवऱ्याची अब्रू काढली, हे तिला कळत होतं, पण ते भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं कळत होतं. ती पुढे म्हणाली, "मला हे एकोणीस वर्षं ठाऊक होतं. गेल्या वर्षभरात मीही सहा ठिकाणी सांगितलं. तेव्हा एकट्या त्याचंच नाही. शनिवारी तिथे प्रार्थना होणार म्हणून बोलले. नाहीतर बोलले नसते बहुतेक."

"चाळीस माणसांची सँडविचं सांगून ठेवलीयेत मी," मॅविस कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली.

"अगं, तुझी सँडविचं गेली चुलीत," नोरा म्हणाली आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले, कारण नोरा असं कधी बोलत नसे. ती एनिडकडे वळली. "आमचे हे तीन महिने इस्पितळात होते ना, तेव्हा मी रोज रात्री दारातला दिवा चालू ठेवायची. हॅनामुळे. मला वाटायचं, ती एकतीस वर्षं करू शकली, तर आपण..." तिने रुमालाची घडी घातली, मोडली. "ते मग कशावरून केलं मी?"

"मला वाईट वाटतं," एनिड म्हणाली आणि खरं म्हणजे वाटत नव्हतं, म्हणून म्हणाली, "वाटायला हवं."

"आणि माझे ते आले हो घरी," नोरा म्हणाली. "आता टीव्हीपुढे बसलेत. त्याचं काही नाही. पण मी सगळ्या बायकांना सांगितलं होतं ना."

मॅविसने टाळी वाजवली. "चहा," ती म्हणाली. "आधी चहा घेऊ या. मग बघू."

आणि माणसं उठली. अशा वेळी चहाच्या रांगेत उभं राहता येतं, ही केवढी सोय. केक कापले गेले. एनिडजवळून जाताना काहींनी मान लववली, काहींनी ते टाळलं. एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, "धीट आहात बाई," दुसऱ्या एक बाई त्यांच्या मागून म्हणाल्या, "हे वीस वर्षांपूर्वी सांगायचं होतं, म्हणजे धीट म्हटलं असतं," आणि एनिडला दुसऱ्या बाईंचं जास्त पटलं. सोडत निघाली. साबणवड्यांचा डबा नोराला लागला.

पाहुण्याने कपबश्या विसळायच्या नसतात, पण एनिड स्वयंपाकघरात गेली आणि दांडीवरचं फडकं घेऊन पुसायला लागली. मॅविस सिंकपाशी होती. तिने एकदा वळून पाहिलं आणि विसळलेला कप तिच्या बाजूला सरकवला. मग पुढच्या कपाबरोबर म्हणाली, "धर्मगुरूबाईंना मी कळवते. वर्तमानपत्रालाही."

"मी कळवते."

"नको. मंडळाचं काम आहे ते."

विल्फ शिमवेल दारात येऊन उभा राहिला.

"दगड व्हॅनमध्ये आहे," तो म्हणाला.

"विल्फ, आत्ता नको," मॅविस म्हणाली.

"आत्ताच. दोन नावं कोरलीत मी त्यावर. पन्नास वर्षांत चुकीचं अक्षर कधी गेलं नाही माझ्या हातून." त्याने एनिडकडे पाहिलं. "एक नाव खोटं निघालं. दुसऱ्याचं काय?"

"दुसरा माणूस खरा होता," एनिड म्हणाली. "बेचाळीस वर्षं मोजे धुतलेत मी त्याचे."

विल्फच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होईपर्यंत थांबलं नाही. "ते नाही म्हणत मी. आणखी काय काय रचलं होतं त्यांनी?"

"म्हणजे?"

"भाषणातलं. त्या घंटा. कठड्यांची उंची. आमच्या पणजोबांच्या नावाचा एक जॅगर येतो ना त्यात, इलायस शिमवेल, वादळात सोळा तट्टं एकट्याने उतरवून आणली म्हणतात तो. आमच्या घरात नातवंडांना सांगतो आम्ही ते. तो होता का?"

एनिडच्या हातात कप होता. ती म्हणणार होती, हो, तो होता, ते सगळं खरं आहे, एवढी एक हॅनाच. वाक्य जिभेवर आलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की तिला ठाऊक नाही. हॅनाच्या वेळी ती गाडीत होती म्हणून ठाऊक. इलायस शिमवेल मात्र बर्नार्डचं तिच्याशी लग्न होण्याआधीपासून भाषणात होता. बर्नार्ड एकटाच जायचा तेव्हा शेफील्डच्या दप्तरखान्यात, शनिवारी, डबा घेऊन. वह्या भरून आणायचा. त्या वह्या तिने कधी उघडल्या नव्हत्या. वर खोलीत आहेत, अकरा.

बेचाळीस वर्षं. त्याच्या आईची ती हकिकत, तो लहानपणी नदीत बुडता बुडता वाचला ती. चर्चमध्ये तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने पिवळे हातमोजे घातले होते, असं तो सगळ्यांना सांगायचा. तिच्याकडे पिवळे हातमोजे होते का? तिला आठवेना. आपल्याला आठवतंय असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, ते त्याने इतक्यांदा सांगितलं म्हणून.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

आणि आत, खूप खाली, काहीतरी जागं झालं. इतक्या महिन्यांत तिथे काही नव्हतं, म्हणून तिला आधी कळलंच नाही काय आहे ते. मग कळलं. तिला बर्नार्डचा राग आला होता. असा, की कप सिंकवर आपटावा. अरे माणसा, एक बाई हवी होती म्हणून तू बाई उभी केलीस आणि निघून गेलास, आणि मी इथे परक्या गावात उभी राहून म्हणतेय, मला ठाऊक नाही. कोण होतास तू, हे मला ठाऊक नाही.

तिने कप आपटला नाही. तो पुसला, बशीवर ठेवला. मग तोच पुन्हा उचलून पुसायला लागली. मॅविसने ते पाहिलं आणि नळ बंद केला.

"बसता का जरा?"

"नको." एनिडचा आवाज चढला होता, आणि भाषणात चढायचा तिथे चढला नव्हता. "त्याच्या वह्या आहेत घरी. अकरा. आणि शेफील्डला मूळ कागद असतील, असतील तर. मी बघते. एकेक ओळ. इलायस शिमवेल असेल तर सांगते, नसेल तरी सांगते."

"तुम्हाला जुनं अक्षर वाचता येतं का?" विल्फने विचारलं.

"नाही."

"मला येतं थोडं. खाणीचे जुने करार वाचायचो." तो दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिला. "दप्तरखाना गुरुवारी उघडा असतो."

"विल्फ, गुरुवारी तुम्हाला गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं ना?" मॅविस म्हणाली.

"गुडघा कुठे पळून जात नाही." मग एनिडला, "दगड मी शेडमध्ये उलटा घालून ठेवतो. तोडत नाही. कळेपर्यंत."

"आणि कळल्यावर वाईट निघालं तर?"

"तर तोडतो," विल्फ म्हणाला. "त्यांचं नावसुद्धा. ते तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून नको."

एनिडने मान हलवली. हे तिला बरोबर वाटलं. बरं वाटलं असं नव्हे.

"गुरुवारी सकाळी आठ वाजता न्यायला येतो," तो म्हणाला. "आठ म्हणजे आठ. मला वाट बघत बसायला आवडत नाही."

"मलाही," एनिड म्हणाली आणि पुढचा कप उचलला.